कम्युनिटी फाउंडेशनचं अनुदान : आधी निधी ओळखा, मग अर्ज लिहा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. अमेरिकेतल्या एका मध्यम शहरात तुमची छोटी नोंदणीकृत संस्था आहे. स्थलांतरित कुटुंबांतल्या मुलांना शाळा सुटल्यावर तुम्ही वाचन आणि गणितात मदत करता. आजवर ओळखीपाळखीच्या देणग्यांवर काम निभावलं. आता तुमच्या प्रदेशातल्या कम्युनिटी फाउंडेशनकडे, म्हणजे स्थानिक लोकांच्या देणग्या एकत्र ठेवून त्यातून त्याच भागातल्या कामांना पैसे देणाऱ्या सार्वजनिक संस्थेकडे, अनुदान मागायचं आहे. सुरुवात कुठून करायची, किती मागायचं, नकार आला तर काय, आणि संस्थेच्या नावाने त्यांच्याकडे निधी उघडा असं त्यांच्या माणसाने सुचवलंय तर तो उघडावा का, हे चार प्रश्न तुम्ही विचारले आहेत.

अनेक वर्षं मी संस्थांसाठी अर्ज लिहिते आहे आणि मधला काही काळ एका फाउंडेशनच्या छाननी समितीवरही होते. दोन्ही बाजू पाहिल्यावर एक गोष्ट पक्की झाली आहे. अर्जाचा फॉर्म उघडण्याआधी त्या फाउंडेशनकडचे पैसे मुळात कुणी आणि कशासाठी ठेवलेत हे शोधून काढा. मनापासून काम करणाऱ्या कितीतरी संस्था इथेच अडतात. स्वतःचं काम त्या छान मांडतात, पण ते काम नेमकं कोणत्या निधीतून होऊ शकतं याचा विचार झालेला नसतो. मग समितीला अर्ज आवडतो आणि तरीही पैसे देता येत नाहीत. असे अर्ज बाजूला ठेवताना फार वाईट वाटायचं.

ही फाउंडेशनं अशी का घडली ते आधी सांगते, म्हणजे पुढचं उलगडेल. १९१४ साली क्लीव्हलँडमध्ये फ्रेडरिक गॉफ यांनी पहिलं कम्युनिटी फाउंडेशन काढलं. ते क्लीव्हलँड ट्रस्ट कंपनीचे अध्यक्ष होते. जुन्या मृत्युपत्रांत अडकून पडलेले पैसे त्यांना डाचत होते. एखादा माणूस एका कामासाठी पैसे ठेवून जातो, काळ बदलतो, ते काम उरत नाही आणि पैसे कुणाच्याच उपयोगी पडत नाहीत. या संदर्भात सेंट लुईसचे एकेकाळचे महापौर ब्रायन मलानफी यांचं उदाहरण नेहमी दिलं जातं. १८५१ मध्ये ते वारले तेव्हा मालमत्तेचा तिसरा हिस्सा त्यांनी पश्चिमेकडे वस्ती करायला निघालेल्या गरीब प्रवाशांच्या मदतीसाठी ठेवला होता. पुढे रेल्वे आली, असे प्रवासी कमी होत गेले, पण अट तशीच राहिली. गॉफ यांनी तोडगा काढला तो असा: देणगीदारांचे वेगवेगळे निधी एकाच सार्वजनिक संस्थेत ठेवायचे, प्रत्येकाची इच्छा पाळायची, पण ती इच्छा कालबाह्य झाली तर उद्देश बदलण्याचा अधिकार मंडळाला द्यायचा. याला व्हेरियन्स पॉवर म्हणतात. ही गोष्ट लक्षात ठेवा, तुमच्या चौथ्या प्रश्नाला तिचीच गरज लागणार आहे.

कॅनडातलं पहिलं फाउंडेशन विनिपेगचं, १९२१ सालचं. विल्यम ॲलोवे या बँकरने दिलेल्या एक लाख डॉलरने ते सुरू झालं. १९२४ मध्ये तिथे आलेली देणगी होती एका पाकिटातली पाच-पाच डॉलरची तीन सोन्याची नाणी, आणि पाठवणाऱ्या बाईंनी नाव कळू दिलं नव्हतं. बँकरचे लाख आणि त्या बाईंचे पंधरा डॉलर एकाच संस्थेत जमा झाले. एका कुटुंबाच्या खाजगी फाउंडेशनपेक्षा हे वेगळं आहे. कम्युनिटी फाउंडेशनला स्वतःलाही सतत स्थानिक लोकांकडून पैसे उभे करावे लागतात, त्यामुळे आपला पैसा आपल्या भागात नीट लागला हे त्या लोकांना दाखवता येणं ही त्याची रोजची गरज असते. तुमचा अर्ज वाचणाऱ्याच्या मनात ही गरज असतेच.

आता निधींचे प्रकार. काही निधी बिनशर्त असतात, त्यांचं काय करायचं ते मंडळ ठरवतं. काही विषयाला बांधलेले असतात, म्हणजे बालशिक्षण, वृद्धांची काळजी, नदीची स्वच्छता किंवा एखादा ठराविक तालुका. काही एकाच नामनिर्देशित संस्थेसाठी असतात. काही शिष्यवृत्तीचे. आणि काही डोनर-ॲडव्हाइज्ड, ज्यात पैसे फाउंडेशनच्या मालकीचे होतात पण ते कुणाला द्यावेत याची शिफारस देणगीदार करत राहतो. असा पहिला निधी १९३१ मध्ये न्यूयॉर्क कम्युनिटी ट्रस्टमध्ये सुरू झाला आणि आज बऱ्याच फाउंडेशनांत सर्वात जास्त पैसा याच वाटेने बाहेर जातो. खुला अर्ज चालतो तो मुख्यतः पहिल्या दोन प्रकारांना. म्हणून ‘मागच्या वर्षी आम्ही अमुक कोटी डॉलर वाटले’ हे वाक्य संकेतस्थळावर वाचून हुरळून जाऊ नका. त्यातला तुमच्यासारख्या नव्या अर्जदाराच्या वाट्याला येऊ शकणारा भाग बराच लहान असतो.

तो किती लहान आहे याचा अंदाज बांधता येतो, आणि ‘किती मागायचं’ याचं अर्धं उत्तर तिथेच मिळतं. कायमनिधीतून, म्हणजे मुद्दल टिकवण्यासाठी गुंतवून ठेवलेल्या निधीतून, बहुतेक फाउंडेशनं दरवर्षी साधारण चार ते पाच टक्के खर्च करतात. समजा मुलांच्या शिक्षणासाठी वीस लाख डॉलरचा निधी आहे आणि खर्चाचा दर साडेचार टक्के. म्हणजे वर्षाला ९०,००० डॉलर वाटायला आले. मागच्या वर्षी सात संस्थांना दिले असतील तर सरासरी तेरा हजारांच्या आत येते. अशा निधीकडे पन्नास हजार मागितले, तर हा अर्जदार आपल्याबद्दल काहीच न वाचता आला आहे असं समितीला वाटतं. आणखी एक गोष्ट. हा दर बहुधा मागच्या तीन ते पाच वर्षांच्या सरासरी मूल्यावर लावतात. त्यामुळे बाजार कोसळल्याचा परिणाम त्याच वर्षी पूर्ण दिसत नाही, पुढची दोन-तीन वर्षं दिसत राहतो. बाजार सावरलेला असताना ‘यंदा रक्कम कमी आहे’ असं ऐकू आलं तर ती सबब नाही, हिशेबच तसा आहे.

ही माहिती मिळते कुठून? फाउंडेशनच्या वार्षिक अहवालातून आणि फॉर्म ९९० मधून, म्हणजे करमुक्त संस्था दरवर्षी करखात्याला देतात त्या विवरणातून. हा फॉर्म सार्वजनिक असतो, प्रोपब्लिका या वृत्तसंस्थेच्या नॉनप्रॉफिट एक्सप्लोरर या संकेतस्थळावर फुकट पाहता येतो. अशी माहिती गोळा करणाऱ्या फाउंडेशन सेंटर आणि गाइडस्टार या दोन जुन्या संस्था २०१९ मध्ये एकत्र येऊन कँडिड ही संस्था झाली, तिच्याकडेही बरंच सापडतं. फॉर्ममधलं शेड्यूल आय उघडा. देशातल्या ज्या संस्थांना वर्षभरात ५,००० डॉलरपेक्षा जास्त दिले त्यांची यादी, रकमेसकट, तिथे असते. तीन वर्षांच्या याद्या शेजारी ठेवून वाचा. तुमच्या आकाराच्या संस्था किती आहेत? दरवर्षी नवी नावं येतात की तीच फिरतात? तुमच्या शहराबाहेरच्या गावांना काय मिळालं? एक सावधगिरी बाळगा: डोनर-ॲडव्हाइज्ड निधीतून गेलेल्या रकमाही याच यादीत मिसळलेल्या असतात. एखाद्या विद्यापीठाला किंवा चर्चला मोठी रक्कम दिसली तर ती बहुधा कुणा देणगीदाराच्या शिफारशीने गेलेली असते, खुल्या स्पर्धेतून नव्हे. वार्षिक अहवालात निधीचं नाव दिलेलं असेल तर हा गुंता सुटतो. यादीतल्या तुमच्यासारख्याच एखाद्या संस्थेला फोन करून अनुभव विचारायलाही संकोचू नका. या क्षेत्रात लोक मोकळेपणाने सांगतात.

पात्रतेबद्दल थोडक्यात. तुमचं काम फाउंडेशनच्या भौगोलिक हद्दीत हवं, ५०१(सी)(३) हा करमुक्त धर्मादाय संस्थेचा दर्जा हवा, मंडळाच्या सदस्यांची यादी आणि मागच्या वर्षाचा हिशेब हाताशी हवा. छोट्या संस्थांनी एक गोष्ट आजच तपासावी. वार्षिक उत्पन्न साधारणतः ५०,००० डॉलर किंवा त्याहून कमी असलं तरी ९९०-एन नावाचं छोटं ऑनलाइन विवरण दरवर्षी भरावंच लागतं, आणि सलग तीन वर्षं ते भरायचं राहिलं तर करमुक्त दर्जा आपोआप रद्द होतो. स्वयंसेवकांवर चालणाऱ्या संस्थेत खजिनदार बदलला की हे हमखास निसटतं. ज्यांच्याकडे अजून स्वतःचा दर्जा नाही त्यांनी फिस्कल स्पॉन्सर शोधावा, म्हणजे दर्जा असलेली दुसरी संस्था पैसे स्वीकारते, हिशेब ठेवते आणि त्याबद्दल बहुधा पाच ते दहा टक्के घेते. तुम्हाला त्याची गरज नाही.

यानंतरचं पाऊल लोक सर्वात जास्त टाळतात आणि माझ्या मते तेच सर्वात महत्त्वाचं आहे: प्रोग्राम ऑफिसरशी, म्हणजे फाउंडेशनमध्ये अनुदानाचे अर्ज हाताळणाऱ्या माणसाशी, बोलणं. बऱ्याच जणांना वाटतं की आधी फोन केला तर वशिला लावल्यासारखं दिसेल. तसं अजिबात नाही. योग्य अर्ज यावेत हेच त्यांचं काम आहे, आणि अयोग्य अर्ज आधीच थांबला तर त्यांचेही तास वाचतात. फाउंडेशनने ‘फोन करू नका’ असं लिहिलं असेल तर अर्थातच करू नका. एरवी चार ओळींचा मेल पाठवून पंधरा मिनिटं मागा. सोबत एक पानाचं टिपण जोडा, माहितीपत्रकं आणि छायाचित्रं नकोत. बोलताना स्वतःच्या कामाबद्दल दोन मिनिटं सांगा आणि मग विचारा: आमचं काम तुमच्या कोणत्या निधीत बसतं असं तुम्हाला वाटतं? पहिल्यांदा येणाऱ्याला साधारण किती रक्कम दिली जाते? मागच्या फेरीत या विषयाचे अर्ज का मागे पडले? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ऐकताना लिहून घ्या, शब्द न् शब्द.

त्यांच्या उत्तरांचा रोख ओळखायला शिका. ‘अर्ज करायला तुम्ही मोकळे आहात’ असं ऐकू आलं तर तो बहुधा सभ्य नकार असतो. ‘डेडलाइनच्या आधी मला मसुदा दाखवाल का?’ असा प्रश्न आला तर त्यांना तुमच्यात खरंच रस आहे. ‘यंदा आमचं लक्ष घरांच्या प्रश्नावर आहे’ असं म्हणाले तर तुमचं काम ओढूनताणून घरांच्या प्रश्नाला जोडू नका. समितीला ती ओढाताण पहिल्याच पानावर दिसते. त्यापेक्षा सरळ विचारा की शिक्षणाची फेरी कधी आहे, आणि तोवर वर्षातून एक-दोनदा कामाची बातमी कळवत राहा. बोलणं झाल्यावर त्याच दिवशी आभाराच्या तीन ओळी आणि त्यांनी जे सांगितलं ते तुम्ही कसं समजलात हे लिहून पाठवा. गैरसमज असेल तर तिथेच दुरुस्त होतो.

आता प्रत्यक्ष अर्ज. छाननीच्या खोलीत काय होतं ते सांगते, मग कसं लिहायचं ते आपोआप लक्षात येईल. समितीत स्थानिक माणसं असतात: निवृत्त शिक्षिका, एखादा बँक अधिकारी, डॉक्टर, कधी एखादा माजी लाभार्थी. प्रत्येकाने गठ्ठाभर अर्ज घरी वाचलेले असतात. तुमचा अर्ज चर्चेला येतो तेव्हा तुम्ही तिथे नसता. कुणीतरी एक जण तुमच्या वतीने दोन-तीन वाक्यं बोलतो आणि बाकीचे त्यावर प्रश्न विचारतात. त्या माणसाला बोलायला वाक्यं तुम्हीच पुरवायची असतात. हे एकदा मनात बसलं की लिहिण्याची रीतच बदलते.

एक नमुना बघा. ‘आमची संस्था स्थलांतरित समाजातील वंचित मुलांच्या सर्वांगीण विकासासाठी कटिबद्ध असून दर्जेदार शिक्षणाच्या माध्यमातून त्यांना सक्षम करणे हे आमचे ध्येय आहे.’ यात खोटं काही नाही, पण समितीतल्या शिक्षिकाबाईंनी यातलं काय उचलून सांगायचं? आता हे वाचा, आकडे अर्थातच नमुन्यादाखल घेतले आहेत: ‘शहराच्या पूर्व भागातल्या एका शाळेतली तिसरी-चौथीची ४० मुलं आठवड्यातून तीन दिवस, तीन ते सहा या वेळात आमच्याकडे येतात. बहुतेकांच्या घरी इंग्रजी बोललं जात नाही. सप्टेंबरमध्ये यातली ३१ मुलं इयत्तेच्या वाचनपातळीखाली होती, मे अखेरीस १८ उरली. या १८ पैकी १२ मुलं आठवड्यातून एकच दिवस येऊ शकली, कारण सहा वाजता घरी जायला बस नाही. आम्ही मागतोय ते परतीच्या बससाठी आणि एका जादा शिक्षकाच्या पगारासाठी.’

दुसऱ्या परिच्छेदात बाईंना सांगण्यासारखं सगळं आहे: किती मुलं, किती फरक, कुठे कमी पडलं आणि का. आणि मागणी त्या कमतरतेतूनच निघते. बरेच जण अपयशाचे आकडे लपवतात. माझा सल्ला नेमका उलटा आहे. जी १८ मुलं मागे राहिली त्यांच्याबद्दल तुम्हाला किती बारीक माहिती आहे, यावरून तुम्ही कामाकडे किती लक्ष देता हे कळतं. मात्र पुढच्या वर्षीचं वचन देताना हात आखडता घ्या. मुलांची हजेरी आणि वाचनाची पातळी तुम्ही मोजू शकता. ‘आमच्यामुळे ती कॉलेजात जातील’ हे तुम्ही बारा महिन्यांत दाखवू शकत नाही, म्हणून लिहूही नका. आणि वाचन सुधारलं त्यात शाळेतल्या शिक्षकांचाही वाटा आहे असं एक वाक्य जरूर घाला. शाळेच्या मुख्याध्यापकांचं छोटं पत्र सोबत असेल तर उत्तमच, पण ते पत्र त्यांनी स्वतः लिहिलेलं हवं. तुम्ही मजकूर दिला आणि त्यांनी सही केली, हे वाचणाऱ्याला कळतं.

बजेटवर मी नेहमी जास्त वेळ घालवते, कारण समितीतला बँकवाला माणूस आधी तेच पान उघडतो. बजेट आणि मजकूर एकच गोष्ट सांगतात का, हे तो पाहतो. मजकुरात तीन दिवस लिहिलंय आणि पगार पाच दिवसांचा लावलाय, असं आढळलं की पुढच्या सगळ्या आकड्यांवरचा विश्वास उडतो. तुमचंच उदाहरण घेऊ. दोन शिक्षक, प्रत्येकी आठवड्याला नऊ तास, ३६ आठवडे, तासाला २५ डॉलर: झाले १६,२००. समन्वयक आठवड्याला १५ तास, ४० आठवडे, तासाला ३० डॉलर: १८,०००. पगाराचे एकूण ३४,२००. इथे बहुतेक नव्या संस्था थांबतात आणि मालकाने भरायचा सोशल सिक्युरिटी व मेडिकेअर या पगारावरच्या करांचा वाटा विसरतात. तो ७.६५ टक्के, म्हणजे सुमारे २,६१६ डॉलर. ही ओळ बजेटमध्ये दिसली की या संस्थेला पगार कसा होतो हे माहीत आहे, अशी खात्री पटते. खाऊ: ४० मुलं, १०८ दिवस, दीड डॉलर, म्हणजे ६,४८०. प्रत्येक आकड्याशेजारी असा गुणाकार लिहा. ‘इतर खर्च ५,०००’ अशी ओळ कधीही ठेवू नका.

भाडं, विमा, हिशेबनीस, दूरध्वनी यांचा वाटाही मागा. आपण काटकसरीने चालतो हे दाखवण्यासाठी छोट्या संस्था हा खर्च शून्य दाखवतात आणि मग तो संचालकाच्या खिशातून जातो. याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण अशाने चांगल्या संस्था बंद पडलेल्या मी पाहिल्या आहेत. फाउंडेशनने मर्यादा घातली असेल तर ती पाळा. नसेल तर हे ध्यानात ठेवा की खुद्द संघराज्य सरकारच्या अनुदानांत, ज्यांनी वेगळा दर ठरवून घेतलेला नाही अशांना मिळणारा किमान अप्रत्यक्ष खर्चाचा दर ऑक्टोबर २०२४ पासून १० वरून १५ टक्के झाला. तो नियम खाजगी निधींना लागू नाही, पण चर्चेत आधार म्हणून सांगता येतो. जमेच्या बाजूला मिळालेले पैसे, मागितलेले पैसे आणि मागणार असलेले पैसे असे तीन रकाने करा. पूर्ण खर्च एकाच फाउंडेशनकडे मागितला तर ‘पुढच्या वर्षी काय?’ हा प्रश्न येतोच. पहिल्या खेपेला एकूण खर्चाच्या पाव हिश्श्याच्या आसपास मागणं मला रास्त वाटतं, अर्थात वर सांगितलेल्या सरासरीच्या हद्दीत राहून. प्रकल्पाऐवजी संस्थेच्या सर्वसाधारण खर्चासाठी अनुदान देतात का, हेही विचारून ठेवा. २०२० च्या साथीत शेकडो फाउंडेशनांनी अनुदानाच्या अटी सैल करण्याची जाहीर ग्वाही दिली होती आणि काहींनी ती सवय पुढेही ठेवली आहे.

खुल्या फेरीपलीकडे दोन वाटा आहेत. एक, डोनर-ॲडव्हाइज्ड निधी. त्यांना अर्ज करता येत नाही, पण देणगीदारांना सुचवण्यासाठी प्रोग्राम ऑफिसर संस्थांची नावं हाताशी ठेवतात, म्हणून त्यांना तुमचं काम माहीत असणं कामी येतं. तुमच्या पाठीराख्यांपैकी कुणाचा असा निधी आहे का, तेही विचारा, आणि देणगीच्या पानावर संस्थेचं अधिकृत नाव व कर क्रमांक ठळक ठेवा. असा चेक आला की आभार देणगीदारालाही कळवा, पण करसवलतीची पावती त्याला देऊ नका. ती सवलत त्याने निधीत पैसे घातले तेव्हाच घेतलेली असते. त्या पैशातून स्नेहभोजनाची तिकिटंही त्याला देता येत नाहीत, कायद्याने त्याला नाममात्र लाभापलीकडे काही मिळता कामा नये. दुसरी वाट म्हणजे गिव्हिंग डे. मिनेसोटात आणि उत्तर टेक्ससमध्ये हे २००९ मध्ये सुरू झाले आणि आता अनेक प्रदेशांत होतात. एका दिवसात ऑनलाइन देणग्या गोळा होतात आणि फाउंडेशन बऱ्याचदा वर भर घालतं. रक्कम छोटी असली तरी फाउंडेशनच्या यादीत तुमचं नाव येतं, हा नव्या संस्थेसाठी मोठा फायदा.

नकार आला तर आठवडाभर थांबा, मग आभार मानून विचारा की अर्ज कुठे कमी पडला. उत्तरं साधारण तीन तऱ्हेची येतात. काम त्यांच्या प्राधान्यात बसत नाही, पैसे कमी आणि अर्ज जास्त होते, किंवा संस्थेबद्दल काही शंका आहे. पहिलं असेल तर दुसरीकडे वळा. दुसरं असेल तर पुढच्या फेरीत त्याच अर्जात नवे आकडे भरून पुन्हा या. पहिल्या खेपेला न मिळणं अगदी नेहमीचं आहे. तिसरं असेल तर खोदून विचारा, कारण बहुतेक वेळा ते सुधारता येण्यासारखं असतं: मंडळात सगळे एकाच कुटुंबातले, दोन वर्षं तोटा, चेकवर एकाचीच सही. मंडळातल्या ओळखीच्या सदस्याकडे तक्रार घेऊन जाऊ नका. प्रोग्राम ऑफिसर ते विसरत नाही, आणि त्याने विसरावं तरी का?

होकार आला तर करारपत्र सही करण्याआधी वाचा, त्या पैशांना हिशेबात वेगळा कोड द्या आणि योजना बदलायची वेळ आली तर खर्च करण्याआधी लेखी परवानगी घ्या. बसचा ठेकेदार मिळाला नाही, तर ते पैसे परस्पर पुस्तकांवर घालायचे नाहीत. विचारलं तर बहुधा हो म्हणतात. अहवाल वेळेवर द्या आणि जे जमलं नाही तेही त्यात लिहा.

राहिला संस्थेच्या नावाने निधी उघडण्याचा प्रश्न. याला एजन्सी फंड म्हणतात. तुमचे पैसे फाउंडेशन गुंतवतं आणि दरवर्षी ठरलेला वाटा तुम्हाला देतं. मोठ्या, स्थिरावलेल्या संस्थेला हे सोयीचं असतं. तुमच्याबाबतीत मी सध्या नको म्हणेन. एकदा दिलेलं मुद्दल कायद्याने फाउंडेशनचं होतं, लेखा नियमांप्रमाणे तुमच्या ताळेबंदात त्यातला तुमचा हक्क मालमत्ता म्हणून दिसत राहिला तरीही. सुरुवातीला सांगितलेली व्हेरियन्स पॉवर या निधीलाही लागू असते. अडचणीच्या महिन्यात पगारासाठी ते मुद्दल मागितलं तर बहुतेक करारांत ते मिळत नाही. हिशेबही पाहा: २५,००० डॉलर ठेवले तर साडेचार टक्क्यांनी वर्षाला १,१२५ डॉलर हाती येतील, आणि फाउंडेशनचं वार्षिक शुल्क निधीतून कापलं जाईल ते वेगळंच. त्यापेक्षा आधी स्वतःच्या बँक खात्यात किमान तीन महिन्यांच्या खर्चाची राखीव रक्कम उभी करा. याला नकार दिला म्हणून अनुदानाच्या अर्जावर परिणाम होईल अशी भीती बाळगू नका, चांगल्या फाउंडेशनांत ही दोन कामं वेगवेगळी माणसं पाहतात. एखादा देणगीदार फक्त कायमनिधीसाठीच पैसे देतो म्हणाला तर गोष्ट वेगळी. तेव्हा कराराचा मसुदा मागवा आणि मुद्दल काढण्याची अट, शुल्काचा दर आणि संस्था बंद झाल्यास पैसे कुणाकडे जातील, ही तीन कलमं मंडळाच्या बैठकीत मोठ्याने वाचून मगच ठराव करा.